श्रीनिवासच्या सायकलचं ॲव्हरेज

माझ्या गॅरेजात, हवेच्या कॉम्प्रेसरच्या वर, खिळ्याला सलाईनची एक रिकामी बाटली टांगलेली असते. नवं गिऱ्हाईक ती बघून हमखास विचारतं, "काय मिस्त्री, तब्येत बरी न्हाय व्हय?" तब्येत ठणठणीत आहे. ती बाटली म्हणजे माझं कोर्ट. अडतीस वर्षं मी सोलापुरात मोटरसायकली दुरुस्त करतो, आणि या अडतीस वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "गाडी ॲव्हरेज देत न्हाय."

हे वाक्य ऐकलं की मी आधी गाडीवर संशय घेत नाही, माणसावर घेतो. गाडी खोटं बोलत नाही. बोलतो तो मालक, बोलतो पंपावरचा पोऱ्या, आणि कंपनीचा कागद तर बोलतोच बोलतो. म्हणून बाटली. टाकीची नळी बंद करायची, बाटलीत मापानं शंभर मिली पेट्रोल घालायचं, ती हँडलला टांगून तिची नळी कार्बोरेटरला जोडायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. काट्यावर जेवढे किलोमीटर पडले त्यांना दहानं गुणायचं. झाला निकाल. आता नव्या गाड्यांना कार्बोरेटरच नाही, इंजेक्शन आलं, त्यामुळं बाटली बहुतेक वेळ नुसतीच लटकलेली असते. पण तिनं लोकांचे संसार सुद्धा उघडे पाडलेत.

एक कदम मास्तर होते. शाळा दोन किलोमीटरवर, आणि पेट्रोल मात्र बार्शीला रोज जाऊन आल्यासारखं लागायचं. तीन वेळा आले, तीन वेळा मी कार्बोरेटर साफ केला. चौथ्यांदा बाटली लावली. लिटरला बासष्ट! मी म्हणालो, "मास्तर, गाडीला कायबी झालेलं न्हाय. घरात बगा."

मास्तर चिडले. "घरात म्हणजे? घरात मी आणि आमची मंडळी. टाकीला काय उंदीर तोंड लावतात?"

आठ दिवसांनी गॅरेजात बाई आल्या, एकट्या, गाडी चालवत. क्लचची वायर ढिली झाली होती. मास्तर जेवून झोपले की दुपारी दोन ते चार त्या विजापूर रोडला गाडी शिकत होत्या, सहा महिने. मला म्हणाल्या, "तुम्ही बाटली लावलीत म्हणून सापडले. पण बरं झालं, आता उघडपणे चालवते." मास्तर मात्र तेव्हापासून दुसऱ्या मिस्त्रीकडे जातात. मी खरं सांगितलं याचा राग त्यांना अजून आहे.

तर मुद्दा असा की संशय घेणं हा माझा धंदा आहे, आणि त्याचा मला अभिमान होता. संपादकांनी जेव्हा दिवाळी अंकासाठी निरोप पाठवला, की पेट्रोलची गाडी परवडते की इलेक्ट्रिक सायकल, यावर अनुभवातनं लिहा, तेव्हा त्यांना वाटलं असेल मी एक तक्ता काढून देईन. तक्ता चार ओळींत होतो. तो आधी सांगतो आणि मोकळा होतो.

पेट्रोलची गाडी रोज थोडं थोडं खाते. कामाला जाऊन-येऊन दहा-अकरा किलोमीटर असतील तर दिवसाला वीस-बावीस रुपयांचं पेट्रोल. वर ऑइल, एअर फिल्टर, चेन, क्लच प्लेट. इलेक्ट्रिक सायकल तेवढ्याच अंतराला रुपया-दोन रुपयांची वीज घेते, ऑइल नाही, क्लच नाही. ऐकायला गोड. पण मागच्या चाकात मोटर असते, त्यामुळं ते चाक पंक्चर झालं की वायर सोडवून चाक काढायला निम्मे पंक्चरवाले तयारच होत नाहीत. आणि बॅटरी. पेट्रोलची गाडी रोज चिमटे काढते, तर बॅटरी दोन-तीन वर्षं गप्प बसते आणि मग एकदम दहा-बारा हजार मागते. आपल्या सोलापूरच्या उन्हात त्याहून आधीही मागू शकते. जाहिरातीच्या कागदावर हे सगळ्यात बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच.

एवढा हिशेब मी कुणालाही तोंडपाठ म्हणून दाखवायचो. श्रीनिवासलाही दाखवला होता.

श्रीनिवास म्हणजे पॉवरलूमवरचा विणकर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात कामाला, राहायला विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात. घरात तेलुगू बोलणारा, बाहेर आपल्यासारखं मराठी. चाळिशीचा, वाळकुडा, कमी बोलणारा. बायको पद्मा विड्या वळते. त्याची जुनी मोटरसायकल मी बारा वर्षं सांभाळली होती. तिचं इंजिन दुसऱ्यांदा उतरवायची वेळ आली तेव्हा त्यानं ती भंगारात दिली आणि इलेक्ट्रिक सायकल घेतली. घेऊन सरळ माझ्याकडे आला, दाखवायला.

"अण्णा, कशी आहे?"

मी चाक उचलून फिरवलं, वजन बघितलं. साध्या सायकलीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणालो, "बरी हाय. पण बॅटरी जप. तीच खरी गाडी हाय. उन्हात ठेवू नको, कारखान्यात गेलास की काढून आत सावलीत ठेवत जा. आन् उगाच रिकामी-भरलेली करत बसू नको. जेवढी कमी वापरशील तेवढी जास्त टिकंल."

त्यानं मान डोलावली. श्रीनिवासला एखादी गोष्ट सांगितली की तो ती अक्षरशः पाळतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. जुन्या गाडीला दर हजार किलोमीटरला ऑइल बदल म्हटलं होतं तर नऊशे नव्वदला दारात हजर असायचा.

दोन-तीन महिने गेले. एक दिवस ब्रेकचं रबर बदलायला आला तेव्हा मी सहज विचारलं, "किती दिवसांनी चार्ज करतोस?"

"आठवड्याला एकदा. रविवारी."

मी पाना खाली ठेवला. रोजचे अकरा किलोमीटर, सहा दिवसांचे सहासष्ट. त्या सायकलीचा कंपनीचा कागदच मुळी एका चार्जला तीस किलोमीटर म्हणतो, आणि कंपनीचा कागद नेहमी चढवून बोलतो. मग ही सायकल सहासष्ट कशी जाते?

"घरी एकदाच लावतोस?"

"एकदाच."

"लाइट बिल वाढलं का?"

"न्हाय की. होतं तेवढंच आहे."

तो गेला. माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला. बासष्टचं ॲव्हरेज असून पेट्रोल जातं म्हणजे कुणीतरी दुसरं गाडी चालवतं. तीसची बॅटरी सहासष्ट जाते म्हणजे ती दुसरीकडं कुठंतरी भरली जाते. घरी नाही तर मग कुठं? दिवसातले दहा तास माणूस जिथं असतो तिथं. आणि बॅटरी तर तो काढून आत नेतो, मीच सांगितलं होतं. गणित इतकं सरळ सुटलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

इथं एक कबुली देतो. माझ्या मनात खोट होती. त्या वर्षात माझी पाच-सहा गिऱ्हाइकं इलेक्ट्रिककडं गेली होती. ज्या गाडीत माझा पाना चालत नाही ती गाडी स्वस्त पडते, हे मला बघवत नव्हतं. तिच्यात काहीतरी चोरी निघावी असं मला आतून वाटत होतं.

त्याच कारखान्याचे मुनीम, आपण त्यांना गायकवाड म्हणू, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या गाडीचं काम चाललं होतं, चहा आला होता, बाकावर आणखी दोघे बसलेले. चार माणसं ऐकायला असली की माझी जीभ सैल सुटते.

मी म्हणालो, "मुनीम, तुमच्या कारखान्याची वीज लई गोड दिसती."

"का हो?"

"आमचा श्रीनिवास घरी आठवड्यातनं एकदाच सायकल चार्ज करतो म्हनं. बाकीचे दिवस ती वाऱ्यावर पळती वाटतं."

बाकावरचे हसले. गायकवाड पण हसले. पण त्यांनी चहा निम्मा ठेवला, हे मी पाहिलं. पॉवरलूमच्या मालकाला सूत परवडतं, मजुरी परवडते, पण विजेचं बिल आलं की त्याचा चेहरा उतरतो. त्या धंद्यात विजेची चोरी म्हणजे थेट गल्ल्यात हात. हे मला सोलापुरात जन्म काढून माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी गॅरेज उघडलं तर पायरीवर पद्मा उभी. तिला मी दोन-चारदाच पाहिलं होतं, ते पण गाडीच्या मागच्या सीटवर. तिच्या हातात कापडी पिशवी होती. त्यातून तिनं चार्जर काढला आणि माझ्या बाकावर ठेवला.

"हे घ्या. तुमच्याकडंच ठेवा."

"काय झालं, पद्माताई?"

"कामावरून काढलं त्यांना. शनिवारी. सगळ्यांसमोर विचारलं, बॅटरी आत कशाला आणतोस, कुठल्या प्लगला लावतोस. ते म्हणाले, अण्णांनी सांगितलंय सावलीत ठेव. तर मुनीम म्हणाले, त्या अण्णांनीच आम्हाला सांगितलंय तू काय करतोस ते." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "चौदा वर्षं एका कारखान्यात आहेत. कुणाचा एक दोरा आणला नाही घरी. आमच्या घरकुलात आता काय म्हणतात, माहिती आहे? करंट चोर."

आणि खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की, मग सहासष्ट किलोमीटर कसे? मी विचारलंच. "ताई, रागावू नका, पण ती बॅटरी आठवडाभर पुरती कशी?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. "तुम्हीच बघा की. म्हणून तर चार्जर आणून दिलाय. भरून द्या आज, आणि ठेवा तुमच्याकडं. आमच्या घरी नको, कारखान्यात नको."

तसंच केलं. श्रीनिवास दुपारी सायकल घेऊन आला. माझ्या प्लगला बॅटरी भरली, हँडलवरचे बॅटरीचे चारही दिवे लागले. चार्जर मी कपाटात कुलूप लावून ठेवला. तो रोज सकाळी सायकल काढून काम शोधत कारखान्याकारखान्यातनं फिरत होता, म्हणजे फिरणं नेहमीपेक्षा जास्तच होतं. रोज संध्याकाळी यायचा, मी दिवे बघायचो. बुधवारी चार. गुरुवारी तीन. शुक्रवारीही तीन. मला झोप लागेना. दुसरा चार्जर असेल काय? कुणा नातेवाइकाकडं लावत असेल काय? हो, तेव्हाही मी असाच विचार करत होतो. अडतीस वर्षांची सवय एका आठवड्यात जात नाही.

शनिवारी सकाळी मी माझी मोटरसायकल काढली आणि विडी घरकुलाच्या कोपऱ्यावर थांबलो. सात वाजता तो निघाला. मी पन्नास पावलं मागं. आणि पहिल्या दहा मिनिटांत मला कळायचं ते कळलं.

तो पॅडल मारत होता.

मोटर बंद. ती अवजड सायकल तो नुसत्या पायानं ओढत होता, पाठीतून वाकून, शर्ट घामानं चिकटलेला. वाटेत पुलाचा चढ लागला तिथं अर्ध्यावर जाऊन, अगदीच होईना तेव्हा, त्यानं मूठ पिरगाळली. मोटरनं गूं केलं. चढ संपला की मूठ सोडली आणि पुन्हा पॅडल. मागून त्याच्या पोटऱ्या दिसत होत्या, दोरखंडासारख्या पिळलेल्या.

एवढी वर्षं मी इंधन शोधत आलो. टाकीत बघितलं, मीटरात बघितलं, दुसऱ्याच्या प्लगात बघितलं. त्या सायकलीला पॅडल आहेत हे मला रोज दिसत होतं, त्यांचं ग्रीस मी स्वतः केलं होतं. पण मोटर असलेल्या गाडीला कुणी पाय मारेल हे माझ्या मोटरसायकलीच्या डोक्यात आलंच नाही.

पुढं जाऊन मी त्याला अडवलं. तो उतरला, धापा टाकत.

"अरे, पॅडल मारतोस? रोज?"

"मग?"

"मोटर कशाला घेतलीस मग?"

"चढाला लागते की. आणि येताना, दिवसभर मागापाशी उभं राहून पाय भरलेले असतात तेव्हा थोडी." मग कपाळ पुसून म्हणाला, "बॅटरी गेली तर दहा हजार कुठून आणू अण्णा? तुम्हीच म्हणालात, जेवढी कमी वापरशील तेवढी टिकेल."

"पण त्या दिवशी मला सांगायचंस की, पॅडल मारतो म्हणून! मुनिमाला सांगायचंस!"

त्याला खरोखर नवल वाटलं. "सायकल आहे ती. सायकलला पॅडल मारतात. ते काय सांगायचं?"

मी तसाच गाडी फिरवून कारखान्यावर गेलो. मालक भले माणूस, मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. चार्जर माझ्या कुलपात होता, मी स्वतः मागं जाऊन डोळ्यांनी बघितलं, माणूस निर्दोष आहे, चूक माझ्या जिभेची. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. गायकवाड दाराशी उभे होते.

मग मालक म्हणाले, "मिस्त्री, पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही म्हणालात तो वीज चोरतो. आज म्हणता चोरत नाही. यातलं खरं कुठलं?"

"आजचं."

"कशावरून? तो तुमचं जुनं गिऱ्हाईक. बायको येऊन रडून गेली असंल. काय दिलं-घेतलं?"

'कशावरून?' हाच प्रश्न मी गिऱ्हाइकांना अडतीस वर्षं विचारत आलो होतो, याच आवाजात, असाच चहाचा कप पुढं सरकवत. मालक म्हणाले, त्याचे माग आता दुसऱ्याला दिलेत, त्या दुसऱ्याला काढता येणार नाही, आणि परत घेतला तर बाकीचे कामगार उद्या बॅटऱ्या घेऊन आत येतील. चहा तिथंच ठेवून मी उठलो.

बाकावरच्या ज्या दोघांसमोर मी तो विनोद केला होता त्यांना मी शोधून काढलं आणि सांगितलं. एक म्हणाला, "आसं व्हय?" दुसऱ्याला तो किस्सा आठवतच नव्हता, त्यानं तो किती जणांना सांगितला तेही आठवत नव्हतं. विडी घरकुलात जाऊन चौकात चार लोकांना सांगितलं. लोक ऐकून घेतात. चोरी केली म्हटलं की माणसं कान टवकारतात, नाही केली म्हटलं की घड्याळ बघतात.

श्रीनिवासला दीड महिन्यानं काम मिळालं. लांब, कुंभारीच्याही पुढं, आणि मजुरी कमी. पद्मा विड्या जास्त वळायला लागली असं ऐकलं. तिच्यासमोर जायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

लोक अजून गॅरेजात विचारतात, "मिस्त्री, पेट्रोल परवडतं की इलेक्ट्रिक?" मी आता आधी विचारतो, घर ते काम किती लांब, चढ कुठं आहे, आणि चालवणार कोण. मग जे वाटतं ते सांगतो. पूर्वी एका दमात निकाल द्यायचो, तसा आता देत नाही. धंद्यात यामुळं थोडं नुकसानच झालं, कारण गिऱ्हाइकाला ठामपणे बोलणारा मिस्त्री आवडतो.

गेल्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, श्रीनिवास दारात आला. सायकल ढकलत. मागचं चाक पंक्चर, आणि लांबच्या कामामुळं बॅटरीही संपलेली. वाटेतल्या दोन पंक्चरवाल्यांनी मोटरचं चाक म्हणून हात लावला नव्हता. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी त्याला पाणी दिलं, ते तो प्यायला. मी चाक सोडवायला घेतलं आणि म्हणालो, "तासभर लागंल. तवर बॅटरी लाव की, चार्जर संगं हाय न्हवं? तो बघ प्लग, फॅनच्या शेजारचा."

त्यानं प्लगकडं बघितलं. बाकावर तिघं गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्याकडं बघितलं.

"वद्दू अण्णा." तेलुगूत नको म्हणाला तो. मग मराठीत म्हणाला, "नको."

"अरे, माझी वीज हाय. माझं मीटर. कोण काय म्हणणार?"

"कोण न्हाय म्हणणार," तो म्हणाला, "तुम्हीच म्हणाल."

रागानं नाही म्हणाला. बॅटरी जपायची असते हे जसं तो ऐकून पाळतो, तसंच हेही त्यानं कुठंतरी धरून ठेवलं होतं. त्यानं सायकलीची बॅटरी काढली, ती घेऊन तो गॅरेजच्या बाहेर गेला आणि रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा, ती मांडीवर ठेवून बसला. अंगातला सदरा काढून तिच्यावर सावली धरली. डोक्यावर मात्र काही घेतलं नाही.

मी दोनदा हाक मारली, "आत सावलीत ये." तो आला नाही.